पटावरील उंट

हिंगोलीस एका स्नेह्याच्या घरीं त्यांचा मुलगा फोनवर बुद्धिबळें खेळत होता. ‘ह्याला उंट कां म्हणतात?’ असें त्यानें आम्हांस विचारिलें. पडद्यावरील त्या मोहऱ्यास लांब मान नव्हती, पाठीस उंचवटाही नव्हता. आकृति बिशपाच्या टोपीची. नांव मात्र उंट!

चतुरंग सेनेचीं अंगें चार: हत्ती, घोडे, रथ व पायदळ. त्यांत उंट नाहीं. इराणी-अरबी शतरंजांत ह्या जागीं ‘फील’ म्हणजे हत्ती असे. तो तिरकी बरोबर दोन घरांची उडी घेई. म्हणून ६४ पैकीं अवघीं ८ घरें त्याच्या आटोक्यांत येत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत त्यास दूरवर धांवण्याची मुभा मिळाली. इंग्रजांनीं त्याचा धर्मगुरु केला, फ्रेंचांनीं विदूषक. रशियनांनीं हत्तीच राखिला. मराठींत हत्ती कोपऱ्यांत रथाच्या जागीं बसला व त्याच्या घरीं उंट आला.

तेव्हां केवळ नांवावरून प्राचीन सेनेंत उष्ट्रदळ कल्पिणारा फसेल. आणि असे तर्क आम्हीं पंडितांनीं थोडे का केले आहेत? हें सारें ऐकून मुलानें पुसलें, ‘मग रथ कोठें गेला?’ जें पटावर उरलें नाहीं त्याचा शोध घ्यावयाचें आम्हांस मात्र पन्नाशीनंतर सुचलें.