बाल्यावस्थावाचक संज्ञा
जन्मापासून तारुण्यापर्यंतच्या टप्प्यांना दिलेली नावे. सुश्रुतसंहितेत १६ वर्षांखालील व्यक्तीस ‘बाल’ म्हटले असून आहारानुसार तिचे तीन प्रकार केले आहेत : एक वर्षापर्यंत ‘क्षीरप’, दोन वर्षांपर्यंत ‘क्षीरान्नाद’ व त्यापुढे ‘अन्नाद’. मराठीतील ‘अंगावर पिणारे’ व ‘रांगते’ हे शब्दप्रयोगही मुलाच्या वाढीवरूनच आले आहेत.

मुलींच्या बाबतीत स्मृतिकारांची दृष्टी निराळी होती. पराशरस्मृतीत आठ वर्षांची मुलगी ‘गौरी’, नऊ वर्षांची ‘रोहिणी’ व दहा वर्षांची ‘कन्या’ होय. त्यापुढे ती ‘रजस्वला’ मानली आहे व तत्पूर्वीच तिचा विवाह अपेक्षिला आहे. येथे वयाची संज्ञा विवाहाची मुदतच सांगते. १८९१ मध्ये संमतिवय १० वरून १२ वर्षांवर नेणारा कायदा झाला. त्यास लोकमान्य टिळकांनी विरोध केला, तर रा. गो. भांडारकरांनी शास्त्राधारे पाठिंबा दिला. मुलींच्या विवाहवयाची किमान मर्यादा १९२९ च्या शारदा कायद्याने १४ व १९७८ च्या दुरुस्तीने १८ वर्षे झाली. बालन्यायविषयक २०१५ च्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलगा व मुलगी या दोहोंस ‘बालक’ ही एकच संज्ञा आहे.