पाचशे तबकड्या : आवाज कुणाचा, मालकी कुणाची?



आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात रॅप करणारी चार-पाच मुले आहेत. मोबाईलवर गाणे रेकॉर्ड करतात आणि त्याच रात्री जगासमोर टाकतात. मागच्या महिन्यात त्यातल्या एकाला एका कंपनीकडून करारनामा आला. बारा पाने, सगळी इंग्रजीत. मुलगा म्हणाला, "दादा, सही करून टाकू का? नाव तरी होईल." आम्ही त्याला हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. आम्ही त्याला न्यूयॉर्कच्या एका तबकडीची गोष्ट सांगितली. हा प्रश्न एकट्या त्याचा नाही, म्हणून ती इथे मांडत आहोत.

हिपहॉपचा इतिहास ब्रॉन्क्सपासून सुरू होतो. रॉबर्ट मोझेस नावाच्या अधिकाऱ्याच्या योजनेतून या भागाच्या पोटातून क्रॉस ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवे काढला गेला आणि हजारो कुटुंबे उठवली गेली. पुढे घरमालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली, आगी लागत राहिल्या, सरकारी सेवा आटत गेल्या. अशा ठिकाणी 11 ऑगस्ट 1973 रोजी सेजविक अव्हेन्यूवरच्या 1520 क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला एक पार्टी ठेवली. मुलींना 25 सेंट, मुलांना 50 सेंट. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ होता. जमैकातून आलेल्या या अठरा वर्षांच्या मुलाला जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखते.

हर्कचे तंत्र साधे होते. गाण्यात जिथे फक्त ढोल-ताल उरतो तो तुकडा नाचणाऱ्यांना आवडतो, हे त्याने हेरले. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावून तो तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा. तबकडीवरचे नावाचे लेबल तो पाण्यात भिजवून काढून टाकायचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला गाणे कोणते ते कळू नये. नाव झाकायचे की दाखवायचे हे तिथे वाजवणाराच ठरवत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा.

सहा वर्षे ही कला गल्लीत आणि हॉलमध्येच होती. 1979 मध्ये न्यू जर्सीच्या शुगर हिल रेकॉर्ड्सने 'रॅपर्स डिलाइट' ही बारा इंची तबकडी काढली आणि रॅप जगभर गेला. त्या गाण्यात बिग बँक हँकने म्हटलेल्या अनेक ओळी ग्रँडमास्टर कॅझ या ब्रॉन्क्सच्या कवीच्या वहीतल्या होत्या. इतक्या जशाच्या तशा, की कॅझने स्वतःच्या नावाची केलेली फोडसुद्धा हँकने तशीच म्हटली. नाव गाण्यात राहिले, तबकडीवर आले नाही आणि हिशेबातही आले नाही. ज्या 'शिक' बँडच्या संगीतावर ते गाणे उभे होते, त्याच्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी हरकत घेतली आणि त्यांना श्रेय मिळाले. त्यांच्याकडे हक्काचे कागद होते. कॅझकडे वही होती, आणि तीही त्याने दुसऱ्याला वाचायला दिली होती.

इथे आपल्या कार्यकर्त्यांनी थांबून विचार करावा. शुगर हिल ही कुणा गोऱ्या शेठजीची कंपनी नव्हती. ती सिल्व्हिया रॉबिन्सन आणि जो रॉबिन्सन या काळ्या जोडप्याची होती. मालक आपल्यातला आहे एवढ्याने कवीला न्याय मिळतोच असे नाही. न्याय कागदावर लिहून घ्यावा लागतो.

आता त्या तबकडीकडे येऊ. 1983. जाँ-मिशेल बास्किया हा तेव्हा 22 वर्षांचा चित्रकार होता. ब्रुकलिनमध्ये जन्म, वडील हैतीचे, आईचे घराणे पोर्तो रिकोचे. भिंतींवर लिहिणारा हा मुलगा नुकताच कलादालनांमध्ये पोहोचला होता. हातात पैसे आले तेव्हा त्याने एक गाणे काढायचे ठरवले. निर्माता तो, स्टुडिओचा खर्च त्याचा, काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांचे वेष्टणही त्याचेच. कंपनीचे नाव टारटाउन. गाण्याचे नाव 'बीट बॉप', गाणारे रॅमेलझी आणि के-रॉब. बास्कियाने ओळी लिहून आणल्या होत्या. दोघांनी त्या बाजूला ठेवल्या आणि स्वतःचे म्हटले. एक कोपऱ्यावरचा दलाल झाला, दुसरा शाळेतून घरी निघालेला मुलगा. दहा मिनिटांहून मोठा संवाद. सात इंची तबकडीच्या एका बाजूला हे मावलेच नसते. बारा इंची हवी होती. अशा सुमारे 500 तबकड्या निघाल्या.

पाचशेच का? तबकडी छापताना आधी मूळ प्रत कोरावी लागते, तिच्यावरून धातूचा साचा बनवावा लागतो. शंभर काढा की दहा हजार, हा खर्च आधी करावाच लागतो. शिवाय माल ठेवायला जागा हवी, दुकानांपर्यंत पोहोचवायला माणसे हवीत. मोठ्या कंपनीकडे हे सगळे असते. स्वतंत्र निर्मात्याकडे खिशातले पैसे असतात. म्हणून अशा निर्मात्यांच्या आवृत्त्या लहान असतात.

त्याच वर्षी प्रोफाइल रेकॉर्ड्सने हे गाणे पुन्हा काढले आणि ते दूरवर पोहोचले. न्यूयॉर्कच्या भिंतीवरच्या चित्रकारांवरील 'स्टाइल वॉर्स' या माहितीपटातही ते आहे. लहान आवृत्ती म्हणजे आपोआप क्रांती, असे आमचे म्हणणे नाही. चळवळीचे गाणे लोकांपर्यंत गेलेच पाहिजे. पण त्या पाचशेंवर कुणाचा हुकूम चालला नव्हता. गाणे दहा मिनिटांचे का, असे विचारणारा साहेब तिथे नव्हता.

पुढे काय झाले तेही पाहू. बास्किया 1988 मध्ये 27 व्या वर्षी गेला. 1984 मध्ये लिलावात सुमारे 20 हजार डॉलरला गेलेले त्याचे एक चित्र 2017 मध्ये 11 कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. आणि 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 'बीट बॉप'ची एक प्रत एक लाख डॉलरच्या पुढे गेली. लिलावात पैसे वस्तू विकणाऱ्याला आणि लिलावगृहाला मिळतात. तबकडीत ज्यांचा आवाज आहे त्यांच्या वाट्याला त्यातले काही येत नाही. किंमत वेष्टणाला आली. त्या किमतीची तबकडी कोण यंत्रावर लावून ऐकेल?

पैशाच्या तुटवड्यातून आलेली लहान संख्या आज बाजाराची युक्ती झाली आहे. मुद्दाम तीनशे तबकड्या काढायच्या, क्रमांक घालायचे आणि दुर्मिळ म्हणून विकायच्या. स्वतंत्र कलावंत यातून पोट भरत असेल तर आम्ही त्याला दोष देणार नाही. ऑनलाइन ऐकण्यातून मिळणाऱ्या चिल्लरपेक्षा ते बरे. पण दुर्मिळ असणे आणि स्वतंत्र असणे यांत गल्लत करू नये. स्वातंत्र्याची कसोटी एकच : गाण्याचा हक्क कुणाकडे आहे?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. 1920 मध्ये बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, कारण दुसऱ्याच्या पत्रात आपली बाजू दुसऱ्याच्या मर्जीने छापली जाते. पण भीमगीतांच्या बाबतीत आपण तेवढे जागरूक राहिलो का? कॅसेटच्या काळापासून किती गाणी आपण पाठ म्हणतो आणि गीतकाराचे नाव विचारले की गप्प बसतो! कॅझची वही ब्रॉन्क्समध्येच हरवली असे नाही.

त्या मुलाला आम्ही तीन गोष्टी शोधायला सांगितल्या आहेत. शब्दांचा हक्क कुणाकडे राहणार? रेकॉर्डिंग कुणाच्या मालकीचे होणार? आणि किती वर्षांसाठी? त्याने अजून सही केलेली नाही. येत्या रविवारी आम्ही ती बारा पाने मराठीत मांडून ओळ न् ओळ वाचणार आहोत. ज्यांच्याकडे असे करारनामे आले आहेत, त्यांनी ते घेऊन यावेत. ज्यांनी सही करून टाकली आहे, त्यांनी तर जरूर यावे.