उशिरा येणारी झोप आणि प्रकाशोपचार

रात्री दोन-तीन वाजेपर्यंत डोळा लागत नाही आणि सकाळी दहा-अकराच्या आत जाग येत नाही, ही तक्रार किशोरवयात व तरुणपणी विशेष आढळते. घरातील मंडळी तिला आळस म्हणतात. काही वेळा निद्रानाश समजून झोपेच्या गोळ्याही सुरू होतात. मात्र अशा व्यक्तीला तिच्या वेळेनुसार झोपू दिले, तर ती सात-आठ तास गाढ झोपते. बिघाड झोपेत नसून झोपेच्या वेळेत असतो. न्यूयॉर्कमधील एलियट वाइट्झमन व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये या विकाराचे स्वतंत्र वर्णन केले. ‘डिलेड स्लीप फेज’ या नावाने तो ओळखला जातो.

मेंदूच्या तळाशी असलेला काही हजार पेशींचा पुंजका हे शरीराचे मुख्य घड्याळ होय. बहुतेकांत ते चोवीस तासांहून किंचित मंद चालते आणि डोळ्यांवाटे पोहोचणारा प्रकाश ते रोज जुळवून देतो. हा प्रकाश पुरेसा प्रखर असावा लागतो. १९८० मध्ये आल्फ्रेड ल्युई यांनी दाखवून दिले की, २५०० लक्स प्रकाशात रात्रीचे मेलाटोनिन हे संप्रेरक घटते. आपल्या दिवाणखान्यात जेमतेम शे-तीनशे लक्स प्रकाश असतो. पुढे १९९० मध्ये नॉर्मन रोझेन्थाल व सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना सकाळी दोन तास प्रखर प्रकाश दिला व संध्याकाळी प्रकाश कमी ठेवला. त्यांच्या शरीराचे घड्याळ पुढे सरकले. हल्ली सहसा १०,००० लक्सच्या दिव्यासमोर अर्धा तास बसवले जाते.

खरी मेख आहे ती वेळेत. नैसर्गिक जाग येण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी शरीराचे तापमान सर्वांत कमी असते. त्यानंतर मिळालेला प्रकाश झोप अलीकडे आणतो. त्याआधी मिळालेला प्रकाश ती आणखी लांबवतो. सुटीच्या दिवशी अकराला उठणाऱ्याचा हा नीचांक आठ-नऊच्या सुमारास येतो. त्याला सहालाच उठवून उन्हात फिरायला धाडणे, हा घरोघरी दिला जाणारा सल्ला म्हणूनच उलटू शकतो. उपचाराची सुरुवात त्याच्या नेहमीच्या जागे होण्याच्या वेळी करून, दर एक-दोन दिवसांनी ती अर्ध्या तासाने अलीकडे आणावी लागते. सातच्या वर्गाला बसायचे असेल, तर तयारी दोन-तीन आठवडे आधीच हवी. रात्री दिवे मंद आणि मोबाइल दूर, हे पथ्यही आलेच. सुटीत दुपारपर्यंत झोपल्यास कमावलेले सारे निसटते.

भारतात त्यासाठी दिवा विकत घेणे बहुधा अनावश्यक ठरते. उघड्या गच्चीवर सावलीतही हजारो लक्स प्रकाश मिळतो, पावसाळी ढगांतूनही बऱ्यापैकी. खिडकीआड मात्र तो झपाट्याने घटतो. सूर्याकडे थेट पाहू नये, हे वेगळे सांगायला नको.

पुरावा मात्र सर्वांसाठी सारखा भक्कम नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१५ मध्ये मुले व किशोरवयीनांसाठी वर्तनोपचारांच्या जोडीने प्रकाशोपचार सुचवला. प्रौढांबाबत शिफारस केली नाही, त्यांच्यासाठी योग्य वेळी घेतलेले मेलाटोनिन सुचवले. डोकेदुखी, डोळ्यांवर ताण असे किरकोळ त्रास संभवतात. दृष्टिपटलाचे विकार असलेल्यांनी, त्वचा वा डोळे प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि विशेषतः बायपोलर विकाराच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपचार करू नये; त्यांच्यात प्रखर प्रकाशाने उन्मादाचा झटका येऊ शकतो.