गोंदिया जिल्हा

महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाचा जिल्हा. क्षेत्रफळ सु. 5,234 चौ. किमी.; लोकसंख्या 13,22,507 (2011). उत्तरेस मध्य प्रदेश, पूर्वेस छत्तीसगड, दक्षिणेस गडचिरोली व पश्चिमेस भंडारा जिल्हा. 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. तालुके आठ. वैनगंगा, बाघ, चुलबंद व गाढवी या प्रमुख नद्या.

इतिहास : नागपूरकर भोसल्यांच्या आधी येथे देवगडच्या गोंड राजांचा अंमल होता. नागपूर वसविणारा बख्त बुलंदशाह याच घराण्यातला. त्याचा वारस चांद सुलतान वारल्यावर घराण्यातील वलीशाहने गादी बळकावली, तेव्हा चांद सुलतानची राणी रतनकुंवरने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीस बोलावले. रघूजींनी वलीशाहचा पाडाव करून राणीच्या बुऱ्हाणशाह व अकबरशाह या मुलांना गादी मिळवून दिली व मोबदला घेऊन ते परतले. पुढे या भावांत तंटा पेटला आणि 1743 मध्ये रघूजी पुन्हा आले, ते राहण्यासाठीच. अकबरशाह परागंदा झाला. बुऱ्हाणशाहकडे राजा हा किताब व नेमणूक उरली. वसुली, फौज आणि न्याय भोसल्यांकडे गेला. गोंड राजाचे नाव राखण्यात रघूजींचा हिशेब होता: पेशव्यांनी या मुलखावर हक्क सांगितलाच, तर पुढे करायला मूळ धनी हाताशी असावा. 1751 मध्ये चांद्याचे गोंड राज्यही भोसल्यांनी घेतले. देवगडचे राज्य रणांगणापेक्षा घरच्या भाऊबंदकीत अधिक गेले, हे नोंदविणे आवश्यक आहे.

गावपातळीवर या सत्तांतराचा परिणाम जमीनदाऱ्यांतून दिसतो. कामठ्याची मोठी जमीनदारी भोसल्यांनी एका कुणबी घराण्यास दिली. सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी आप्पासाहेब भोसल्यांना पदच्युत केले, तेव्हा कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल आप्पासाहेबांच्या बाजूने उठला. सप्टेंबर 1818 मध्ये कॅप्टन गॉर्डनने कामठ्याची गढी घेतली व जमीनदारी इंग्रजांना साहाय्य करणाऱ्या लोधी घराण्याकडे गेली. तिसरे रघूजी 1853 मध्ये निपुत्रिक वारल्यावर सारा मुलूख खालसा झाला. जमीनदाऱ्या 1951 मध्ये संपल्या.

गोंड काळाची खरी खूण गढ्यांत नाही, तलावांत आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला नवेगाव बांध अजून पाणी धरतो. राजवटी तीनदा बदलल्या, तरी धानाची शेती कोहळी समाजाच्या अशा तलावांवर चालत राहिली.

आर्थिक : भात मुख्य पीक, भातगिरण्या बऱ्याच. तेंदूपाने, विडी उद्योग. तिरोडा येथे औष्णिक वीजकेंद्र (3,300 मेवॅ.).

स्थळे : नवेगाव राष्ट्रीय उद्यान (1975), नागझिरा अभयारण्य, इटियाडोह धरण, हाजरा धबधबा. अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड किल्ला; महाशिवरात्रीस यात्रा. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहा हे गोंडांचे मूळस्थान मानले जाते. माघ पौर्णिमेच्या यात्रेस मध्य प्रदेश, छत्तीसगड व तेलंगणातूनही गोंड समाज येतो.