दोन मुठी आणि एक बिल्ला

श्रोतेहो, शर्यत जिंकणारा मान ताठ ठेवून उभा राहतो, अशी जगाची रीत. पण १६ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिक मैदानावर दोन विजेते मान खाली घालून उभे राहिले. ते का, हे आज पाहू.

पहिला टॉमी स्मिथ. टेक्सासमधल्या, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या कृष्णवर्णीय घरातला, बारा भावंडांतला सातवा. कापूसवेचणी त्याने लहानपणीच केलेली. त्या दिवशी त्याने २०० मीटर अंतर १९.८३ सेकंदांत कापून जागतिक विक्रम केला. दुसरा आला ऑस्ट्रेलियाचा गोरा धावपटू पीटर नॉर्मन, आणि तिसरा न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला कृष्णवर्णीय जॉन कार्लोस.

त्या वेळची अमेरिका कशी होती? वर्णभेदाविरुद्ध कायदा १९६४ सालीच झाला होता. पण कायदा कागदावर आणि माणसं आपल्या जागी! पदक आणणाऱ्या खेळाडूलाही कातडीच्या रंगापायी भाड्याने घर मिळणं मुश्किल. एप्रिल १९६८ मध्ये तर डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. हॅरी एडवर्ड्स या तरुण अध्यापकाने १९६७ सालीच खेळाडूंची मानवी हक्कांची चळवळ उभारली होती. ऑलिंपिकवर बहिष्कार टाकावा, असा विचार निघाला. पण एकमत झालं नाही. मग ज्याने त्याने आपल्या परीने निषेध करावा, असं ठरलं.

विजयमंचावर दोघे बूट काढून, नुसत्या काळ्या पायमोज्यांनी चढले. ती दारिद्र्याची खूण. कार्लोसच्या गळ्यात मण्यांची माळ होती, ती जमावाने फासावर लटकवून मारलेल्यांच्या आठवणीसाठी. हातमोजे मात्र तो विसरला होता! तेव्हा नॉर्मननेच सुचवलं, एकच जोडी दोघांत वाटून घ्या. म्हणून राष्ट्रगीत सुरू होताच स्मिथची उजवी मूठ वर गेली आणि कार्लोसची डावी. नॉर्मनने मूठ उगारली नाही. पण चळवळीचा बिल्ला त्याच्याही छातीवर होता.

याची किंमत तिघांनीही मोजली. स्मिथ आणि कार्लोस यांना संघातून काढून घरी पाठवलं. धमक्या आल्या, नोकऱ्या मिळेनात. नॉर्मनलाही मायदेशात दीर्घकाळ उपेक्षा सोसावी लागली. २००६ साली तो वारला, तेव्हा स्मिथ आणि कार्लोस यांनी समुद्रापलीकडे जाऊन त्याच्या शवपेटीला खांदा दिला. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्याची माफी मागितली ती २०१२ साली, तो गेल्यावर सहा वर्षांनी.

दोघे शिकले त्या सॅन होजेच्या विद्यापीठात २००५ साली त्यांचे पुतळे उभे राहिले. नॉर्मनची जागा त्याच्याच इच्छेने रिकामी ठेवली आहे. येणाऱ्याने तिथे उभं राहावं म्हणून. गुरुजनहो, वर्गात ही गोष्ट सांगाल, तेव्हा मुलांना विचारून पाहा: अन्याय दुसऱ्यावर होत असताना त्या रिकाम्या जागेवर उभं राहायला आपल्यापैकी कोण तयार आहे?