हुंडीपासून स्विफ्टपर्यंत : खातरजमेचा मागोवा

७ फेब्रुवारी २०१८ रोजी तंजावर जिल्ह्यातल्या कुंभकोणमच्या सिटी युनियन बँकेत आदल्या दिवसाच्या व्यवहारांचा ताळा जुळेना. न्यूयॉर्कमार्गे दुबईला पाच लाख डॉलर, फ्रँकफुर्टमार्गे तुर्कस्तानला तीन लाख युरो आणि न्यूयॉर्कमार्गेच चीनला दहा लाख डॉलर असे तीन आदेश स्विफ्ट या बँकांच्या संदेशजाळ्यावरून गेले होते. बँकेतल्या कुणीही ते दिलेले नव्हते. चोरांनी आधी स्विफ्टला जोडलेला प्रिंटर बंद पाडला होता. गेलेल्या आदेशांची पोच त्याच्यावर छापून येई. २०१६च्या फेब्रुवारीत बांगलादेश बँकेतून ८.१ कोटी डॉलर गेले, तेव्हाही प्रिंटर असाच मुका झाला होता.

तिजोरीऐवजी प्रिंटर का, हे कळायला मागे जावे लागते.

तंजावरच्या मराठी राज्याचे मोडी कागद तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेले आहेत. मराठी दरबारी कागदावर वर राजाची मुद्रा असे आणि मजकूर संपला तिथे मोर्तब. मुद्रेमुळे कागद कुणाचा ते कळे. मोर्तबामुळे खाली नवी ओळ घुसवता येत नसे. सावकारांची हुंडी, म्हणजे परगावच्या पेढीला पैसे देण्याचा लेखी आदेश, याहून पुढे गेली. रक्कम आकड्यात, अक्षरात आणि वर ‘निमे इतके, त्याचे दुप्पट इतके’ अशीही लिहीत, म्हणजे एक शून्य वाढवले तरी बाकीचा मजकूर चुगली करी. हुंडी काढल्याची खबर देणारे पत्र त्या पेढीला वेगळे जाई. हुंडी चोरणाऱ्याच्या हाती ते पत्र नसायचे. मला या सगळ्यात हे पत्रच सर्वांत मोलाचे वाटते.

१८५५ साली तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी वारले आणि त्याच वर्षी हिंदुस्थानात तारसेवा सर्वसामान्यांना खुली झाली. तारेवर सही नाही, शिक्का नाही. म्हणून बँकांनी गुप्त तक्ते केले. तारीख आणि रक्कम यांवरून एक संख्या काढायची आणि ती तारेत घालायची. तक्ते आधीच दुसऱ्या मार्गाने पोचवलेले असत. १९७३मध्ये ब्रुसेल्सला स्विफ्ट स्थापन झाली, १९७७पासून तिच्यावर संदेश धावू लागले आणि ती आकडेमोड यंत्राकडे गेली.

इथेच गाठ सुटली. यंत्र संदेशाची खूण चोख तपासते. पण चोर बँकेच्याच संगणकात, अधिकाऱ्याच्याच पासवर्डने बसला असेल तर संदेश तांत्रिकदृष्ट्या अस्सलच निघतो. त्याला पकडणार ती दुसरी वाट : छापील पोच, दुसऱ्या दिवशीचा ताळा. म्हणून आधी प्रिंटर. २०१८च्याच ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेत एटीएमच्या व्यवहारांना होकार देणारी यंत्रणाच बदलून टाकली गेली. खात्यात पैसे आहेत का, हा प्रश्न मूळ यंत्रणेपर्यंत पोचेचना. दोन दिवसांत एकूण ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली.

कुंभकोणमला ताळा दुसऱ्याच दिवशी घेतला म्हणून दुबईचे पैसे परत आले, तुर्कस्तानचे अडवता आले. चीनचे मात्र निघून गेले होते.

खातरजमेची वाट वेगळी ठेवण्याचे हे तत्त्व पितळेची भांडी किंवा रेशीम विकणाऱ्या पेढीलाही लागू आहे. पैसे पाठवायचा संगणक दुकानाच्या बाकी जाळ्यापासून आणि ग्राहकांच्या वायफायपासून वेगळा ठेवावा. पासवर्डखेरीज दुसरा कोड हवा, आणि तो त्याच संगणकावर येऊ नये. रक्कम भरणारा एक, मंजूर करणारा दुसरा. नोंदींची एक प्रत जाळ्याबाहेर असावी, कारण आत शिरलेला आधी नोंदी पुसतो. सॉफ्टवेअरची दुरुस्ती आली की त्याच आठवड्यात बसवावी. आणि ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ अशी व्यापाऱ्याची मेल आली, तर त्या मेलमधल्या क्रमांकावर फोन करू नये. आपल्या वहीत आधीपासून असलेला क्रमांक लावावा आणि ओळखीच्या माणसाशी बोलूनच पैसे सोडावेत.