पायाखालचं घर

पंचाची शिट्टी वाजली. त्याने दोन्ही मुठी छातीसमोर धरून एकमेकींभोवती गरगर फिरवल्या आणि माझ्या भाचीच्या हातातला चेंडू समोरच्या संघाला दिला. बास्केटबॉलमधली ‘ट्रॅव्हलिंग’ची ही खूण. घरी परतताना ती गप्प होती. मग एकदम म्हणाली, “मामा, ट्रॅव्हल म्हणजे प्रवास ना? मी जेमतेम एक पाऊल जास्त टाकलं. त्यात प्रवास कुठे झाला?”

प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर मला नियमांच्या पुस्तकाआधी शब्दकोशात सापडलं.

इंग्रजी ‘ट्रॅव्हल’चा इतिहास कष्टांचा आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘त्रावाय’ म्हणजे यातना, कष्ट. आजच्या फ्रेंचमध्ये त्याच शब्दाचा अर्थ ‘काम’ असा आहे. त्याचं मूळ बहुतेक कोशकार ‘त्रिपालियुम’ या उत्तरकालीन लॅटिन शब्दात पाहतात. त्रि म्हणजे तीन, पालुस म्हणजे खुंट. तीन खुंटांची, माणसाला छळण्याची चौकट. मध्ययुगात वाट तुडवणं म्हणजे हालअपेष्टा सोसणंच होतं, म्हणून इंग्रजांकडे कष्टांचा शब्द वाटचालीचा झाला. या शब्दात शीण आहे, पण माझ्या भाचीचं काय चुकलं ते त्यातून कळत नाही.

ते कळतं ‘प्रवास’ या आपल्या शब्दातून. यात्रेत ‘या’ हा जाण्याचा धातू आहे, गमनात ‘गम्’ आहे. प्रवासात मात्र जाण्याचा धातूच नाही. तिथे आहे ‘वस्’, म्हणजे राहणं. निवास, सहवास, वनवास, वस्ती, सगळी याच धातूची भावंडं. त्याला ‘प्र’ लागला की अर्थ होतो घरापासून दूर राहणं. नवरा परगावी असलेल्या नायिकेला काव्यशास्त्राने ‘प्रोषितभर्तृका’ म्हटलं, त्यातला ‘प्रोषित’ही ‘प्र’ आणि ‘वस्’ यांचाच. तो किती कोस चालला याच्याशी त्या शब्दाला देणंघेणं नाही. नवरा घरी नाही, एवढंच तो शब्द सांगतो. म्हणजे प्रवास अंतराने मोजायचा नसतो. उंबरठा ओलांडला की तो सुरू होतो.

हा अर्थ मनात ठेवून बास्केटबॉलच्या मैदानाकडे पाहावं. चेंडू हातात धरून खेळाडू स्थिर झाला की त्याचा एक पाय ‘पिव्हट’ होतो. पिव्हट हा फ्रेंच शब्द; ज्या खिळ्यावर दार फिरतं तो खिळा. आपल्याकडे मळणीच्या खळ्यात मधोमध खांब रोवतात. कुठे त्याला तिवडा म्हणतात, कुठे मेढ. बैलांची पात त्याच्याभोवती दिवसभर फिरते, खांब जागचा हलत नाही. पिव्हटचा पाय म्हणजे हा तिवडा. दुसरा पाय पुढे टाका, मागे घ्या, पूर्ण गिरकी मारा. रोवलेला पाय जागा सोडत नाही तोवर तुम्ही घरीच आहात. त्याने जागा सोडली आणि चेंडू हातातच राहिला, तर प्रवास घडला. मग ते अंतर वीतभर का असेना.

हे बंधन खेळाच्या जन्मापासूनचं आहे. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाला हिवाळ्यात बंद दालनात खेळता येईल असा खेळ हवा होता. रग्बीसारखे खेळ आत आणले तर कठीण फरशीवर मुलं जायबंदी होणार. त्यांनी विचार केला, खेळाडूला खाली पाडतात ते कशासाठी? तो चेंडू घेऊन पळतो म्हणून. पळणंच बंद केलं तर पाडायचं कारण उरत नाही. त्यांच्या 13 नियमांपैकी तिसरा नियम हाच: चेंडू घेऊन धावायचं नाही, पकडला तिथूनच फेकायचा, वेगात असताना पकडला तर थांबण्यापुरती सवलत. पळणं बंद करण्याचा विचार आधीचा, सज्जाला 10 फुटांवर पीचच्या टोपल्या टांगल्या त्या नंतरच्या. माझ्या लेखी हा खेळ टोपलीपेक्षा या नियमावर अधिक उभा आहे. एकाचे पाय बांधले, म्हणून बाकीच्यांची हाडं वाचली.

पुढे खेळाडूंनीच वाट काढली: चेंडू जमिनीवर आपटत पुढे सरकायचं. त्याला ‘ड्रिबल’ हा फुटबॉलमध्ये रुळलेला शब्द मिळाला. ड्रिबलचा मूळ अर्थ थेंबाथेंबाने गळणं, आपलं ठिबकणं. शेतकऱ्याला ठिबकचं मोल सांगावं लागत नाही. तसंच इथे, चेंडू हातातून सुटून ठिबकत राहिला तरच पुढे जाता येतं. तो दोन्ही हातांत आला की ठिबकणं संपलं आणि पावलांची मोजणी सुरू झाली.

चूक टाळण्याच्या युक्त्या ‘पिव्हट’ आणि ‘ड्रिबल’ याच दोन शब्दांत आहेत. उभ्याने पास मिळाला तर आपला तिवडा कोणता हे आधी मनाशी पक्कं करावं. ड्रिबल सुरू करताना चेंडू हातातून सुटू द्यावा, मगच तो पाय उचलावा; नवखी मुलं चुकतात ती इथेच, कारण घाईत पाय चेंडूच्या आधी निघतो. नेम मारताना किंवा पास देताना तो पाय उचलता येतो, पण तो पुन्हा जमिनीला टेकायच्या आत चेंडू सुटलेला हवा. धावता धावता चेंडू पकडला, तर त्या क्षणी जमिनीवर असलेलं पाऊल 2017 पासून आंतरराष्ट्रीय नियमांत मोजत नाहीत. पुढची दोन मोजतात. आणि तोल सांभाळायचा असेल तर पहिल्याच पावलाला दोन्ही पाय एकदम टेकवून, गुडघे वाकवून थांबावं. तसं थांबल्यावर कोणताही पाय पिव्हट करता येतो.

पावलांची ही मोजणी आपल्या भाषेत फार जुनी आहे. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणं. हद्दीपलीकडे टाकलेलं पाऊल ते अतिक्रमण. आणि खेळात ज्याचा आपण जयजयकार करतो तो विक्रमही त्याच धातूचा. त्याच्या मुळाशी दमदार पाऊल आहे. तीन पावलांत सारं व्यापणारा वामन म्हणून तर त्रिविक्रम. एकाच धातूतून गौरवही निघाला आणि गुन्हाही. पाऊल तेच असतं. ते कुठून उचललं आणि कुठे थांबलं, यावर त्याचं नाव ठरतं.

भाचीला मी इतकं सारं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, “चेंडू हातात आला की तुझा एक पाय म्हणजे तुझं घर. घर सोडायचं असेल तर आधी चेंडू सोड.” तिने रस्त्यातच थांबून उजवा पाय रोवला, डावा पाय गोल फिरवून पाहिला, आणि रोवलेल्या पायाकडे बघत म्हणाली, “मग मी घरातून न विचारता निघाले होते.”

प्रवास या शब्दाचा मूळ अर्थ तिला सापडला होता.